पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी कार्बाईन लोक नेमकी कशासाठी घेतात?

आबा_यावल

नमस्कार मंडळी. माझा पुतण्या अमेरिकेत टेक्सास राज्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे ९ मिमीचे पिस्तूल आधीपासून होते. आता त्याने त्याच काडतुसावर चालणारी, खांद्याला लावून झाडण्याची, सोळा इंच नळीची कार्बाईन घेतली आहे आणि फोनवर तिचे कौतुक संपत नाही. मी स्वतः वडिलोपार्जित बारा बोअरच्या दुनळीचा परवानाधारक असल्याने बंदूक मला अपरिचित नाही, परंतु या प्रकाराचे प्रयोजन मात्र मला उमगलेले नाही.

पिस्तुलाचा गुण असा की ते लहान असते आणि कमरेला राहते. रायफलीचा गुण असा की तिची गोळी दूरवर आणि जोरात जाते. ही कार्बाईन लांबीने रायफलीसारखी आणि गोळीने पिस्तुलासारखी, म्हणजे दोन्हींकडचे उणेच तिच्या वाट्याला आले असे वरवर दिसते. तरीही ती तेथे इतकी खपत असेल, तर त्यामागे काही व्यवहार असणारच. नळी लांब केल्याने त्याच काडतुसाचा जोर किती वाढतो? त्याखेरीज आणखी काय लाभ होतो? शिवाय सातपुड्याच्या पायथ्याशी आमच्याकडे रानडुकरे मक्याचे आणि केळीच्या कंदांचे जे नुकसान करतात, त्यासाठी अशी बंदूक उपयोगी पडेल का, आणि आपल्या कायद्यात ती बसते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

निवृत्त_वरणगाव

आबा, माझी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत, म्हणजे काडतुसांच्याच सहवासात गेली. त्यामुळे मी काडतुसापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बंदुकीत नसून दारूत आहे.

पिस्तुलाच्या काडतुसात भरलेली दारू मुद्दाम जलद जळणारी असते, कारण चार-पाच इंचांच्या नळीतच तिला आपले काम उरकायचे असते. गोळी तेवढे अंतर कापेपर्यंत बहुतेक दारू जळून गेलेली असते. त्यापुढची नळी गोळीला केवळ उरलेल्या वायूच्या प्रसरणाचा लाभ देते. ९ मिमीची ११५ ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेसात ग्रॅमची गोळी चार इंचांच्या नळीतून सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने निघते आणि सोळा इंचांच्या नळीतून सुमारे ४०० मीटर वेगाने. ऊर्जेच्या भाषेत हे साधारण ४५० ज्यूलवरून ६०० ज्यूलपर्यंत जाणे झाले. वाढ आहे, परंतु तिने जात बदलत नाही, ५.५६ मिमीची रायफल तिच्याहून निम्म्याहून कमी वजनाच्या गोळीला दीड हजार ज्यूलच्या पुढे नेते. .४५ एसीपी हे काडतूस कमी दाबाचे असल्याने त्याला लांब नळीचा फायदा आणखी कमी होतो. याउलट .३५७ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात पुष्कळदा सावकाश जळणारी दारू भरपूर भरलेली असते आणि तेच काडतूस लिव्हरने चालणाऱ्या रायफलीत घातले, तर त्याची ऊर्जा दुपटीच्या घरात जाऊ शकते. तेव्हा ‘लांब नळीने जोर वाढतो’ हे विधान काडतूस पाहिल्याशिवाय करू नये.

जोरासाठी ९ मिमीची कार्बाईन घेणाऱ्याने पैसे वाया घालवले, असे मी म्हणेन. तिचा खरा लाभ नेमात आहे. पिस्तूल केवळ दोन हातांच्या पंजांत असते, आणि चाप ओढताना बोटाची किंचित जरी चूक झाली, तरी आखूड नळीचे तोंड हलते व पंचवीस मीटरवर गोळी भलतीकडे जाते. दस्ता खांद्यात रुतला, गाल त्यावर टेकला, एक हात पुढे आधाराला गेला की तोच माणूस तेच काडतूस पन्नास मीटरवर चहाच्या बशीएवढ्या जागेत टाकू लागतो. पिस्तुलावर हात बसायला वर्षे लागतात. कार्बाईनवर नवखा माणूसही पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी नेम धरतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत फारशी येत नाही. लांब नळीतून गोळी बाहेर पडेपर्यंत वायूचा दाब पुष्कळ उतरलेला असतो, म्हणून तोंडाशी निघणारी ज्वाळा आणि कानठळ्या बसवणारा धडाका हे दोन्ही पिस्तुलापेक्षा कमी असतात, आणि आखूड नळीच्या ५.५६ च्या रायफलीपेक्षा तर फारच कमी. कानांचे संरक्षण तरीही अनिवार्यच आहे, परंतु बंद खोलीत रायफल झाडणे आणि ही कार्बाईन झाडणे यांत कानांच्या दृष्टीने मोठा फरक पडतो.

तापीकाठ_ते_ओहायो

वरणगावच्या काकांनी शास्त्र सांगितले, मी व्यवहार सांगतो. मी मूळचा शिरपूरचा, सध्या ओहायोत राहतो आणि माझ्याकडे रुगर कंपनीची पी.सी. कार्बाईन आहे.

इथे ती घेण्यामागचे पहिले कारण काडतुसाची किंमत. ९ मिमी हे इथले सर्वांत सामान्य पिस्तुली काडतूस असल्याने ते ५.५६ च्या तुलनेत साधारण निम्म्याच्या आसपास पडते. महिन्यातून दोनदा जाऊन दोन-तीनशे बार काढणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. दुसरे कारण जागेचे. शहराजवळच्या कित्येक बंदिस्त रेंजवर रायफलीच्या काडतुसांना मज्जावच असतो, कारण मागील बाजूचे गोळ्या अडवणारे पत्रे पिस्तुलाच्याच गोळीच्या हिशेबाने बसवलेले असतात. तेथे पिस्तुलाच्या काडतुसाची कार्बाईन मात्र बहुधा चालते. पोलादी लक्ष्यांचेही तसेच आहे. रायफलीची वेगवान गोळी जवळून मारली तर पोलादात खड्डे पाडते आणि त्या खड्ड्यांवरून तुकडे उलटे येतात. ९ मिमीसाठी तीच तबके योग्य अंतरावर, डोळ्यांना चष्मा लावून, वर्षानुवर्षे वापरता येतात.

तिसरे कारण एकाच साठ्यावर दोन शस्त्रे चालवण्याचे, आणि ते अजिबात नवे नाही. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीबरोबर .४४-४० हे काडतूस आले आणि काही वर्षांतच कोल्ट कंपनीने त्याच काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकायला काढले, त्यामुळे घोड्यावरून फिरणाऱ्या माणसाला एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्हींत घालता येऊ लागली. आज तीच कल्पना मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसे भरून बंदुकीत बसवण्याच्या पेटीच्या, रूपाने आली आहे. माझ्या रुगरमध्ये मॅगझिन बसवण्याचा भाग बदलून ग्लॉक पिस्तुलाचे मॅगझिन चालते, बेरेटाची सी.एक्स.४ ही कार्बाईन त्यांच्याच ९२ या पिस्तुलाचे मॅगझिन घेते. आबा, तुमच्या पुतण्याने पिस्तूल आणि कार्बाईन यांची अशीच जोडी जमवली असणार. सोळा इंचांचा आकडाही अपघाताने आलेला नाही. १९३४ च्या कायद्याच्या चौकटीत इथे सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल वेगळ्या नोंदणीत जाते, म्हणून बहुतेक कारखाने सोळा इंचांच्या किंचित वर थांबतात. नाहीतर ९ मिमीला एवढ्या नळीची गरज नव्हतीच.

मोडून ठेवता येणे हाही एक मोह आहे. माझी रुगर मधोमध दोन भागांत सुटते. केल-टेकची सब-२००० तर नळीच वर दुमडून पिशवीत मावते. स्पर्धांतही तिला जागा मिळाली आहे: पिस्तुलाच्या प्रॅक्टिकल शूटिंग स्पर्धा घेणाऱ्या इथल्या संघटनेने २०१६-१७ च्या सुमारास अशा कार्बाईनसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला आणि तेव्हापासून ज्यांचे मनगट किंवा नजर पिस्तुलाला साथ देत नाही, असे पुष्कळ वयस्कर लोक पुन्हा मैदानात दिसू लागले.

घराच्या संरक्षणाबद्दल मात्र विक्रेते जे सांगतात ते मी जसेच्या तसे मान्य करीत नाही. ‘पिस्तुलाची गोळी भिंतीतून कमी जाते’ हा समज उलटा आहे. इथल्या घरांच्या आतील भिंती लाकडी चौकटीवर ठोकलेल्या जिप्समच्या फळ्यांच्या असतात. त्यांतून ९ मिमीची जड, सावकाश गोळी एकामागून एक भिंती ओलांडते, तर ५.५६ ची हलकी गोळी बऱ्याचदा कोलमडते किंवा फुटते. घरात मुले असतील, तर कोणती बंदूक हा प्रश्न नंतरचा. कुलूपबंद पेटी आधी घ्यावी.

माजी_सैनिक_दोंडाईचा

राम राम. आपल्याकडे ‘कार्बाईन’ म्हटले की बंदोबस्तावरच्या पोलिसाच्या गळ्यात दिसणारी, डाव्या बाजूला मॅगझिन असलेली ९ मिमीची बंदूकच लोकांच्या डोळ्यांपुढे येते. मूळ इंग्लंडची ती स्टर्लिंग, आपल्याकडे कानपूरला बनली, आणि नोकरीत मी ती वापरली आहे. तिची नळी आठ इंचांच्या आतबाहेरची आणि ती स्वयंचलित चालते, म्हणजे आबांच्या पुतण्याची बंदूक वेगळी. पण काडतूस एकच असल्याने दोन शब्द लिहितो.

शंभर मीटरच्या आत हे काडतूस ठीक आहे. पन्नास मीटरवर नेम जुळवला, तर शंभर मीटरवर गोळी वीतभराच्या आतबाहेर खाली लागते आणि तेवढे अंगवळणी पडते. दोनशे मीटरवर मात्र ती मीटरहून अधिक खाली येते, आणि मग अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी लक्ष्य हुकते. सैन्यानेही जुन्या ९ मिमी कार्बाईनच्या जागी ५.५६ मिमीच्या कार्बाईन घेण्याचे ठरवले ते उगाच नव्हे. छातीवर चिलखत घातलेल्या शत्रूपुढे पिस्तुलाची गोळी तोकडी पडते. ज्याच्याकडे चांगली रायफल आहे आणि ती झाडायला मैदान आहे, त्याने ही कार्बाईन घेणे म्हणजे हौस आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रानडुकराचे म्हणाल तर आबा, तुमची दुनळीच बरी. जाड चामडीच्या, चिखलाने माखलेल्या मोठ्या नराला ९ मिमीची गोळी जखमी करील, तो उसात किंवा नाल्यात जाऊन पडेल, आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला गेलेल्या मजुराच्या अंगावर येईल. बारा बोअरमधून जवळच्या अंतरावर एल.जी. (मोठ्या छर्‍यांचे) किंवा एकगोळीचे काडतूस जे काम करते, ते या कार्बाईनकडून होणार नाही. अर्थात वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय तीही झाडू नये, हे तुम्हाला सांगायला नको.

तापीकाठ_ते_ओहायो

दादा, ‘हौस’ हा शब्द मला मान्य आहे, फक्त त्यात थोडी भर घालतो. माझ्या ओळखीत चांगल्या रायफली बाळगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या रायफली कपाटात असतात, कारण काडतूस महाग, मैदान तासाभराच्या वाटेवर आणि दोन तासांनी खांदा बोलू लागतो. ही कार्बाईन मात्र दर शनिवारी बाहेर निघते, म्हणून तिच्यावरचा हातही सर्वांत तयार राहतो. दोनशे मीटरचे गणित तुमचे बरोबर आहे, पण माझ्या रेंजची लांबीच पन्नास यार्ड आहे.

वकील_जळगाव

कायद्याचा भाग मी लिहितो, कारण या विषयावर अर्धवट माहितीवरून लोक अडचणीत येतात.

आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू आहेत. ९ मिमी हे सेनादलांचे काडतूस असल्याने ते प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे प्रतिबंधित नळी-मापांमध्ये, मोडते आणि त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो विषय केंद्र सरकारच्या अखत्यारीतला आहे व सामान्य नागरिकाला तो मिळेल असे धरून चालू नये. शिवाय अडचण केवळ बोअरची नाही. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर वगळता अर्धस्वयंचलित (चाप ओढला की एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप भरणाऱ्या) शस्त्रांचा वर्गच निराळा ठेवलेला आहे, त्यामुळे ‘.३२ या परवानगीच्या बोअरमध्ये तशीच अर्धस्वयंचलित कार्बाईन घेऊ’ ही पळवाटही उघडी नाही. .३२ च्या काडतुसात तसाही जीव बेताचाच. पिस्तुलातून ते दोनशे ज्यूलच्याही खालीच राहते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. आबांची दुनळी त्यांतील एक जागा घेते. उलट कायद्याच्या कलम १३ मध्ये संरक्षण किंवा खेळ यांसाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरण्याची बंदूक, या दोन प्रकारांना वेगळी आणि अनुकूल वागणूक दिलेली आहे. यावल-रावेर-चोपडा पट्ट्यातील शेतकऱ्याने अर्ज करताना हे कलम नीट वाचावे, आणि सातबारा उतारा तसेच नुकसानीचे पंचनामे सोबत जोडावेत. पुतण्याने येताना भेट म्हणून बंदूक आणावी, असा विचार कोणी करीत असेल तर तो सोडून द्यावा. तो तेथील निर्यात कायद्यात अडकेल आणि तुम्ही येथील आयात निर्बंधांत.

सीमेपलीकडून चोरट्या मार्गाने येणाऱ्या गावठी कट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको, पण लिहितो, कारण माझ्या टेबलावर त्या प्रकरणांचे कागद असतात. पंचविशीच्या आतली पोरे हौसेने फोटो टाकतात आणि पुढची काही वर्षे तारखांना येतात. प्रोहिबिटेड शस्त्र विनापरवाना बाळगल्यास २०१९ नंतर किमान शिक्षाच सात वर्षांची आहे.

धुळे_रेंज

वकीलसाहेबांच्या उत्तराने कोणी हिरमुसू नये म्हणून थोडे लिहितो. एकच स्वस्त, सौम्य काडतूस पिस्तूल आणि रायफल या दोन्हींत वापरायचे, हीच कल्पना असेल, तर ती आपल्याकडे .२२ या बारीक काडतुसाच्या रूपाने कायद्याच्या चौकटीत आहे. पंचवीस मीटरची स्पोर्ट पिस्तूल स्पर्धा आणि पन्नास मीटरची रायफल स्पर्धा या दोन्ही .२२ वरच होतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेही याच अडीच ग्रॅमच्या गोळीवर. वरणगावच्या काकांचे नळीचे शास्त्र येथेही लागू पडते. सोळा-अठरा इंचांपुढे .२२ ला नळीचा वेगासाठी फारसा उपयोग नसतो. स्पर्धेच्या रायफलींची नळी लांब असते ती तोलासाठी आणि नेम धरण्याच्या पुढच्या-मागच्या खुणांमधील अंतरासाठी.

ज्यांना परवान्याच्या भानगडीत पडायचे नाही, त्यांनी .१७७ ची एअर रायफल घ्यावी. वीस ज्यूलपर्यंतच्या आणि साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या बोअरच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. दहा मीटरच्या कागदावर श्वास, चाप आणि डोळा यांचे जे शिक्षण होते, ते पुढे कोणत्याही बंदुकीवर उपयोगी पडते. मात्र तिने पाखरे मारत फिरणाऱ्यांना आमच्या रेंजवर प्रवेश नाही.

आबा_यावल

सर्वांचे आभार. डुकरांच्या आणि कायद्याच्या बाबतीत माझे समाधान झाले. दुनळीच बरी, हे पटले. एकच शंका उरली आहे. पुतण्या म्हणतो की गोळी पिस्तुलाची असूनही ही कार्बाईन खांद्याला त्याच्या मित्राच्या ५.५६ च्या रायफलीपेक्षा अधिक ठोसा देते. काडतूस तिपटीने दुबळे असताना असे कसे होईल? मला ती त्याची अतिशयोक्ती वाटली.

निवृत्त_वरणगाव

आबा, पुतण्या खरे सांगतो आहे. ५.५६ च्या रायफलीत काडतूस फुटते तेव्हा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे नळी बंद करणारा सरकता लोखंडी भाग, नळीला कुलूप लावल्यासारखा अडकलेला असतो; गोळी पुढे गेल्यावर थोडा वायू वळवून ते कुलूप उघडले जाते, त्यामुळे बोल्ट हलका ठेवता येतो. स्वस्त ९ मिमी कार्बाईनमध्ये असे कुलूपच नसते. काडतूस मागे ढकलते आणि त्याला रोखायला फक्त बोल्टचे वजन व स्प्रिंग असते. गोळी नळीत असेपर्यंत बोल्टने जागा सोडू नये म्हणून तो मुद्दाम जड करावा लागतो, बहुधा अर्ध्या किलोहून अधिक. हा जड लोखंडी तुकडा वेगाने मागे येऊन थांबतो तेव्हा दुसरा धक्का बसतो, आणि पुन्हा पुढे आपटतो तेव्हा नळीचे तोंड खाली झुकते. खांद्याला जाणवतो तो गोळीचा जोर कमी आणि या बोल्टची ये-जा जास्त.

यावर उपाय आहेत, पण ते पैसे मागतात. ओहायोकरांच्या रुगरमध्ये बोल्टच्या आत टंगस्टनचे सरकते वजन असते, ते आपटण्याचा झटका पसरवते. जर्मनीच्या एम.पी.५ या ९ मिमीच्या बंदुकीत दोन रोलर बोल्टला क्षणभर अडवतात, म्हणून तिचा बोल्ट हलका आणि चाल मऊ. तिची घडणही तेवढीच महाग. दोंडाईच्याच्या दादांच्या स्टर्लिंगमध्ये आणखी तिसरी युक्ती होती: तिचा बोल्ट उघडा राहून पुढे धावतो आणि पूर्ण बसण्याच्या किंचित आधीच टोपी (काडतुसाच्या बुडातील दारू पेटवणारा भाग) फुटते, त्यामुळे मागे येण्याचा बराच जोर त्याचा पुढचा वेग थांबवण्यात खर्च होतो. ती चाल मऊ असली, तरी चाप ओढल्यावर एवढे वजन पुढे धावत असल्याने पहिल्या गोळीचा नेम हलतो, आणि नागरिकांसाठीच्या कार्बाईनमध्ये ती पद्धत वापरत नाहीत.

पुतण्याला सांगा, स्प्रिंग बदलण्याच्या किंवा बोल्ट घासून हलका करण्याच्या भानगडीत त्याने पडू नये. बोल्ट हलका झाला की काडतुसाचे पितळ दाब पुरता उतरण्याआधीच नळीबाहेर येते, आणि आधार सुटलेले ते पितळ फुटले तर कण थेट चेहऱ्याच्या दिशेने येतात. त्याऐवजी दस्त्याला जाड रबराची गादी लावावी आणि १२४ किंवा १४७ ग्रेनच्या गोळ्या वापरून पाहाव्यात. जड गोळीने धक्का संपत नाही, पण पुष्कळांना तो टोचण्याऐवजी ढकलल्यासारखा वाटतो.